खिळ्याची उंची

एका जुन्या इमारतीचा भाव म्हणून एजंटनं डायरीचं पान फाडून त्यावर एकच ओळ लिहून दिली होती: ३,७०० चौरस फूट गुणिले ३,५०० रुपये. उत्तर येतं १ कोटी २९ लाख ५० हजार. "एक कोटी तीस धरा ताई, त्या गल्लीत यापेक्षा खाली काही मिळायचं नाही," असं म्हणून तो उठला. ते पान अजून माझ्याकडे आहे. पुढचे कित्येक महिने मी त्या एका ओळीतलाच एकेक आकडा तपासत होते.

सांगलीच्या जुन्या बाजारपेठेत माझं शिवणसाहित्याचं दुकान आहे. अस्तर, दोरे, लेस, बटणं, चेन. एकोणीस वर्षं भाड्याच्या गाळ्यात. गाळा ३८० चौरस फुटांचा, भाडं १७,५००. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायची वेळ आली की पोटात गोळा यायचा, कारण माझं गिऱ्हाईक त्या चार गल्ल्यांतलंच आहे. ब्लाउज शिवणाऱ्या बायका, बुटीकवाल्या, तासगाव-पलूसहून महिन्यातून एकदा येणारे टेलर. दुकान विश्रामबागेला हलवलं तर त्यातले निम्मेही मागं येणार नाहीत. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतली दुमजली इमारत विकायची आहे असं कळलं, तेव्हा आधी आनंदच झाला. खाली तीन गाळे, त्यातला कोपऱ्यावरचा मोठा गाळा रिकामा. वर दोन ऑफिसं. गच्चीवर पत्र्याची शेड. बांधकाम १९८७ चं.

एवढी मोठी रक्कम आम्ही कधी कुठं गुंतवलेली नव्हती. यांची नोकरी साखर कारखान्यात, पैशाचा सगळा हिशोब माझ्या दुकानावरचा. म्हणून मी दाजींना बोलावलं. ताईचे यजमान, बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यांनी ते पान बघितलं आणि विचारलं, "हे ३,७०० कुठनं आले?"

रविवारी आम्ही टेप घेऊन गेलो.

तळमजल्याचं बाहेरून माप १,५०० चौरस फूट भरत होतं, वरच्या मजल्याचंही तेवढंच, आणि शेड ७००. एजंटचे ३,७०० असे जमले होते. पण भाडं बाहेरच्या मापाला कोण देतं? आतून मोजलं तर तीन गाळे मिळून १,०२० फूट. बाकी जिना, बोळ, संडास, मीटरची खोली आणि नऊ इंची भिंती. वर एक ऑफिस ६१० फुटांचं, दुसरं ४८० चं, म्हणजे १,०९०. दोन्ही मजल्यांचं मिळून वापरातलं क्षेत्र २,११० चौरस फूट. एक कोटी तीस लाखांना २,११० नी भागलं तर फुटाला ६,१६० रुपयांच्या वर दर पडत होता. साडेतीन हजार हा दर त्या इमारतीला कधी लागूच नव्हता.

शेड मी मोजण्यात धरली नाही, कारण दाजी म्हणाले आधी मंजूर नकाशा बघू. मालकांकडे नकाशा नव्हता, "वडिलांच्या वेळचा कुठंतरी असेल" एवढंच. मी माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे अर्ज टाकला. महिन्याच्या आत नकाशाची प्रत हातात आली. तळमजला आणि पहिला मजला मंजूर, गच्चीवर काही नाही. म्हणजे शेडचे महिन्याला ७,००० भाडं येत होतं ते खरं, पण उद्या एका नोटिशीत ती उतरवायला लागली असती. असल्या जागेचा भाव मी शून्य धरला, आणि उतरवायचा खर्च विकणाऱ्याच्या माथी.

आता भाडी. धाकट्या मालकांनी मला एक टाइप केलेला कागद दिला होता. शिलाई मशीन दुरुस्तीचा गाळा १,१५०, मोबाईलचं दुकान १६,०००, कोपऱ्याचा रिकामा गाळा ‘अपेक्षित’ २८,०००, वर कर सल्लागार १०,०००, शिकवणी वर्ग १२,०००, शेड ७,०००. महिन्याला ७४,१५०, वर्षाला ८ लाख ९० हजारांच्या आसपास. एक कोटी तीस लाखांवर हे पावणेसात टक्क्यांपेक्षा थोडं जास्तच येतं. कागदावर बघितलं तर कुणालाही वाटेल, बँकेच्या ठेवीइतकं उत्पन्न आणि वर इमारत आपली.

मी त्यांना नम्रपणे विचारलं, "दादा, गेल्या दोन वर्षांचं पासबुक बघायला मिळेल का?" त्यांना राग आला. दोन आठवडे फोन नाही. मग थोरल्या भावांनीच झेरॉक्स आणून दिली. भाड्याची इमारत घेणाऱ्या प्रत्येकानं हे मागायलाच पाहिजे, यात संकोच करू नये. करारातला आकडा आणि खात्यात पडलेला आकडा वेगळा असतो, आणि भाव दुसऱ्या आकड्याचा करायचा असतो.

पासबुकात मोबाईलवाल्याचे दर महिन्याला १४,००० दिसले. पुराच्या वर्षी दोन हजार कमी केले ते परत वाढलेच नाहीत. शिकवणी वर्ग एप्रिल-मे भरतच नव्हता, दहाच महिने. कर सल्लागार मात्र पाच तारखेच्या आत, एकदाही चुकलेले नाहीत. मशीनवाल्या काकांचे १,१५० अगदी नेमानं, पण ते १९९१ पासूनचे भाडेकरू. त्यांना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, ती मालकांनी २००९ पासून घेतलीच नव्हती.

मोबाईलवाल्याच्या करारात दुसरीच गोम होती. करार स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेला, पण नोंदवलेला नाही. राज्याच्या भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं मालकाची जबाबदारी असते, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. पाच वर्षं त्याच गाळ्यात असलेल्या माणसानं उद्या "मी भाडेकरू आहे" म्हटलं तर नव्या मालकानं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. तो मुलगा स्वभावानं चांगला आहे, पण कागद चांगला नव्हता. मी अट घातली, व्यवहाराआधी त्याचा करार नोंदवून घ्या.

रिकाम्या कोपऱ्याचे २८,००० मला पटले नाहीत. मी स्वतः त्याच बाजारात फुटाला ४६ रुपये भाडं देत होते. ४२० फुटांना त्या दरानं १९,३०० होतात, कोपरा आहे म्हणून २०,००० धरले. ज्याला त्या भागातलं भाडं दर महिन्याला स्वतःच्या खिशातून भरायला लागतं, त्याच्याइतका हा दर कुणालाच कळत नाही.

मशीनवाल्या काकांकडे मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहा मागवला. उषा मशीनचा एक जुना माथा उघडा पडलेला, त्यावर तेलाचा वास. काका म्हणाले, "ताई, तुम्ही सगळं मोजताय. हे मोजलंत का?" आणि त्यांनी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागं एक मोठा खिळा होता, गंजलेला, डोक्याभोवती पेन्सिलीनं गोल केलेला. शेजारी लिहिलं होतं ‘९ ऑगस्ट १९’. त्याच्या खाली दुसरा खिळा, आणखी खाली तिसरा. पहिल्या खिळ्याच्या रेषेत भिंतीचा रंगही बदललेला होता. वर निळा, खाली मातकट, मधे बोटभर रुंदीची काळपट पट्टी. हात फिरवला तर खालचा गिलावा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून तळव्याला लागला.

पुराचं पाणी जिथवर चढलं तिथं ठोकलेले खिळे होते ते. मी टेप लावली. २०१९ चा खिळा फरशीपासून ५ फूट ७ इंच. २०२१ चा २ फूट १० इंच. २००५ चा पावणेदोन फुटांच्या थोडा वर.

सांगलीकरांना यातलं वेगळं काही सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, सगळीकडे होड्या. माझ्याही दुकानात त्या वर्षी अस्तराचे गठ्ठे भिजून कुजले होते, तो वास मी अजून विसरलेले नाही. तरीही इमारतीचा भाव काढायला बसल्यावर पूर हा आकड्यांत धरायचा असतो हे मला काकांच्या भिंतीनं सांगितलं. मालकांच्या कागदावर सगळं होतं, पूर नव्हता.

मग मी काका, मोबाईलवाला आणि थोरले मालक यांच्याकडून एकेका पुराचा खर्च काढला. चिखल काढणं, पाण्याची मोटर, तळमजल्याचं वायरिंग, शटर, गिलावा, रंग, आणि दोन महिने खालच्या गाळ्यांचं माफ केलेलं भाडं. आजच्या दरानं अडीच लाख. २००५ ते २०२४ या वीस वर्षांत असे तीन पूर. साडेसात लाख भागिले वीस, वर्षाला ३७,५००. हा खर्च घरपट्टीसारखाच दरवर्षीचा धरायचा असं मी ठरवलं. पूर येईल त्या वर्षी अंगावर एकदम येतो, पण तो असतो दरवर्षीच.

दाजींचं लक्ष खांबांवर होतं. त्यांनी खिशातून छोटी हातोडी काढली आणि तळमजल्याच्या प्रत्येक खांबावर, जमिनीपासून वर वर ठोकत गेले. बहुतेक ठिकाणी टणटण. सहा खांबांना मात्र खालच्या दोन-अडीच फुटांत बद्द आवाज आला. जवळ वाकून बघितलं तर केसाएवढी उभी चीर, अगदी आतल्या गजाच्या रेषेत. दाजी म्हणाले, "अगं, ही चीर वजनानं पडलेली नाही. आत गज गंजला की फुगतो, आणि वरचं काँक्रीट ढकलतो. आडवी-तिरकी चीर असती तर मी तुला इथनंच परत नेली असती."

इमारत तीस वर्षांच्या पुढची, त्यामुळे महापालिका हद्दीत संरचनात्मक तपासणी तशीही कायद्यानं लागतेच. मी ती माझ्या पैशानं करून घेतली. मालकांनी करून दिलेल्या अहवालावर विसंबायचं नाही हे दाजींचं म्हणणं मला पटलं. इंजिनिअरनं काँक्रीटचा कणखरपणा मोजणारा रिबाउंड हॅमर लावला, काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी तपासली, दोन ठिकाणी गज उघडा करून बघितला. निष्कर्ष दाजींच्या हातोडीपेक्षा फार वेगळा नव्हता. सहा खांबांना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवं आवरण, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जिन्यावरच्या टाकीखालचा स्लॅब दुरुस्त, आणि मीटरची खोली वर हलवायची. अंदाज ८ लाख ४० हजार. तपासणीला खर्च झाला, पण पुढं बोलणी करताना त्या अहवालाच्या एका पानानं जेवढं काम केलं तेवढं माझ्या दहा वाक्यांनी केलं नसतं.

एजंटचं एक पालुपद होतं. "ताई, इमारतीचं सोडा, जागा बघा. दहा वर्षांनी पाडून चार मजले चढवा." जवळपास दोन गुंठ्यांची जागा, २,१७५ चौरस फूट, बाजारपेठेत. ऐकायला बरं वाटतं. म्हणून मी झोन दाखला आणि भाग नकाशा काढला, जागेवर काय बंधनं आहेत ते त्यात कळतं. रस्तारुंदी नव्हती, आरक्षण नव्हतं. पण पूररेषा होती. इमारत निळ्या आणि लाल रेषेच्या मधे येत होती. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर घ्यावं लागतं.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. आमच्या गल्लीत लाल रेषेची पातळी रस्त्यापासून पुरुषभर उंच येते. म्हणजे पाडून बांधलं तर खाली मोकळे खांब आणि दुकानं थेट वरच्या पातळीवर. रस्त्यावरून पायरी न चढता आत येणारं गिऱ्हाईक हाच तर बाजारपेठेतल्या गाळ्याचा जीव. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत, हातात पिशव्या, गुडघे दुखणारे. एका रिळासाठी त्या जिना चढणार नाहीत. आत्ताची इमारत जुनी आहे, भिजते, तिचे खांब गंजतात, पण तिचं जोतं रस्त्यापासून दोन पायऱ्यांवर आहे, आणि ते तसं परत कधीच बांधता येणार नाही. त्यामुळे इमारत टिकवणं हेच तिचं मोल होतं, आणि चार मजल्यांच्या स्वप्नाला मी एक रुपयाही द्यायचा नाही असं ठरवलं.

त्या रात्री वहीत हिशोब मांडला. काकांचे वर्षाला १३,८००, मोबाईल १,६८,०००, कोपरा २,४०,०००, कर सल्लागार १,२०,०००, शिकवणी १,२०,०००. बेरीज ६,६१,८००. एखादा गाळा कधी रिकामा राहणार म्हणून ५ टक्के कमी, ३३,०००. उरले ६,२८,८००. खर्चात घरपट्टी ५८,०००, विमा १६,०००, रंग-दुरुस्ती-मोटर ४०,०००, जिन्याचे दिवे, पाणी आणि झाडलोट १२,०००. पुराचे ३७,५००. सगळा खर्च वजा जाता हाती ४,६५,३००. मालकांच्या कागदावरच्या आठ लाख नव्वद हजारांचं निम्म्यापेक्षा थोडं जास्त.

मग प्रश्न येतो, वर्षाला ४ लाख ६५ हजार देणाऱ्या वस्तूला किती द्यायचे? बँकेच्या ठेवीवर तेव्हा ७ टक्के मिळत होते म्हणून इमारतीलाही ७ धरायचे असं नसतं. ठेवीचं व्याज वाढत नाही, भाडं थोडंफार वाढतं, आणि जागेचाही भाव चढतो, म्हणून लोक इमारतीत कमी टक्क्यांवर समाधान मानतात. किती कमी, हे त्या भागातल्या झालेल्या व्यवहारांवरूनच कळतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचा गोषवारा, बघता येते. मी मागच्या दोन वर्षांचे व्यवहार काढले. एक भावाभावांतला होता, तो बाजूला ठेवला. दोन उपयोगी पडले. एक ५८ लाखांचा, एक १ कोटी १२ लाखांचा. सूची दोनवरचा आकडा नेहमी पुरा खरा असतो असं नाही, म्हणून त्या दोन्ही इमारतींच्या नव्या मालकांना मी जाऊन भेटले. दोघंही ओळखीतले निघाले, बाजारात असंच असतं. खर्च जाता भाडं विचारलं. एकाला ५ टक्के सुटत होते, दुसऱ्याला ५.८. विश्रामबागच्या उंचावरच्या बाजूला साडेचारवरही लोक घेतात, तिथं पाण्याची धास्ती नाही. मी साडेपाच धरले.

४,६५,३०० ला साडेपाच टक्क्यांनी भागलं की ८४ लाख ६० हजार येतात. त्यातून दुरुस्तीचे ८ लाख ४० हजार वजा. राहिले ७६ लाख.

दाजींनी त्यांच्या पद्धतीनं वेगळा हिशोब केला. जागा २,१७५ फूट, गल्लीतल्या व्यवहारांवरून दर ३,२००, म्हणजे ६९ लाख ६० हजार. बांधकाम ३,००० फूट, आज तसंच बांधायला फुटाला १,९०० गृहीत धरून ५७ लाख. आयुष्य साठ वर्षं, त्यातली ३७ सरली, उरलेल्या २३ वर्षांचे २१ लाख ८५ हजार. बेरीज साडेएक्याण्णव, दुरुस्ती वजा जाता ८३ लाख. पण त्यांनीच खाली लिहिलं, "जागा मोकळी नाही, भाडेकरू आहेत, म्हणून हा आकडा वरची हद्द समज." दोन वेगळ्या वाटांनी निघून आम्ही ७६ ते ८३ च्या मधे पोहोचलो तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली. पुढं बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेला, त्याचा आकडा ७८ लाख आला.

एक रक्कम मी जवळपास विसरले होते. वकीलबाईंनी विचारलं, "डिपॉझिटं कुणाकडे आहेत?" मोबाईलवाल्याचे एक लाख, शिकवणीचे साठ हजार, कर सल्लागारांचे पन्नास. ही २ लाख १० हजार मालकांनी कधीच वापरून टाकलेली, आणि भाडेकरू सोडून जाताना ती परत द्यायची माझ्यावर आली असती. ती किमतीतून वजा करायचं ठरलं. वकीलबाईंनीच सिटी सर्व्हेचा उतारा बघून दुसरी गोष्ट सांगितली. मालमत्ता पत्रकावर नाव अजून वारलेल्या वडिलांचं होतं. वारसनोंद झालेली नाही, आणि दोन भावांशिवाय बेळगावला दिलेली एक बहीण आहे. भाऊ म्हणत होते, "तिचं काही म्हणणं नाही." म्हणणं नसेल तर सही असू दे, असं वकीलबाई म्हणाल्या. मीही कुणाची तरी बहीण आहे. त्या ताईंना न विचारता त्यांच्या वडिलांची इमारत मी घेणार नव्हते.

मी ७४ लाख सांगितले. धाकटे भाऊ उठूनच गेले. थोरले म्हणाले, एक कोटी दहा, शेवटचे. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, कागदावर कमी दाखवू, वरचे वीस रोख द्या. ते मी तिथंच नाही म्हटलं. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं कायद्यात बसत नाही, आणि बसत असतं तरी माझ्या दुकानात एवढी रोकड कुठली.

चार महिने काही झालं नाही. त्या काळात मला सारखं वाटायचं, आपण फार ताणलं का, दुसरं कुणी घेईल का. जाता-येता त्या कोपऱ्याच्या बंद शटरकडे बघायचं आणि पुढं जायचं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली असं काकांनी सांगितलं. दोघांनीही बँकेत प्रकरण टाकलं, आणि वारसनोंद नाही म्हणून ते अडकलं.

जानेवारी २०२५ मध्ये फोन आला तो बेळगावच्या ताईंचा. त्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्या सहीशिवाय घेणार नाही म्हणालात, खरं का?" त्यानंतर तिघंही भावंडं एकत्र बसली. आठवड्याभरात ८२ लाखांवर ठरलं. माझ्या आकड्यापेक्षा सहा लाख जास्त, हे मला माहीत होतं. ते मी इमारतीला दिले नाहीत, त्या चार गल्ल्यांतल्या माझ्या एकोणीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला दिले. दुसऱ्या कुणी गुंतवणूक म्हणून घेतली असती तर ७६ च्या वर जायचं कारण नव्हतं.

अटी साठेखतात लिहून घेतल्या. शेड खरेदीखताआधी उतरवायची, मोबाईलवाल्याचा करार नोंदवायचा, वारसनोंद करायची, तिघांच्याही सह्या, डिपॉझिट वजा. विसार म्हणून पाच लाख चेकनं.

रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारच्या दरपत्रकाप्रमाणे, मूल्यांकन ८६ लाख ५० हजार निघालं. मुद्रांक शुल्क ठरलेल्या किमतीवर नसतं, दोन्हींत जी जास्त तिच्यावर असतं. आमच्या हद्दीत ६ टक्के, ५ लाख १९ हजार. नोंदणी फी ३०,०००. बाईच्या नावावर घेतलं की एक टक्का सवलत मिळते असं मला चार जणांनी सांगितलं होतं, पण ती फक्त राहत्या घराला आहे, गाळ्यांना नाही. सरकारी मूल्यांकन ठरलेल्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वर असतं तर तो फरक माझं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागला असता. आमचा फरक साडेपाच टक्क्यांचा, त्यामुळे वाचलो. ५० लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्यांच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर, भरायचा होता, तोही मोठ्या आकड्यावर, ८६,५००, तिघा विकणाऱ्यांचे वेगळे फॉर्म भरून. भाव काढताना हे सगळं शेवटी येतं, पण पैसे मात्र आधी तयार ठेवावे लागतात. माझे साडेपाच लाखांच्या आसपास मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीतच गेले.

खरेदीखताच्या दिवशी बेळगावच्या ताई पहाटेच्या एसटीनं आल्या. सही झाल्यावर त्यांनी मला इमारतीत नेलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरचा एक टवका दाखवला, लहानपणी त्या तिथं पडल्या होत्या. दुरुस्तीत ती पायरी तशीच ठेवा, म्हणाल्या. ठेवली आहे.

मे महिन्यात, पावसाळ्याच्या आत खांबांचं काम संपवलं. मग इलेक्ट्रिशियन मीटरची पेटी हलवायला आला आणि विचारलं, किती उंचीवर घेऊ? मी बोलायच्या आत काका आपल्या गाळ्यातून टेप घेऊन बाहेर आले. कॅलेंडर बाजूला केलं, टेपचं टोक २०१९ च्या खिळ्याला अडकवलं आणि वर तीन फूट मोजून भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. फरशीपासून ८ फूट ७ इंच. तीच उंची जिन्याच्या भिंतीवर नेली, मधल्या टप्प्यावर उभं राहिलं की हाताशी येते, आणि पेटी तिथं बसवली.